हाक न मारण्याची रीत

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत मराठी घरातलं कुणी जायला टेकलं की डॉक्टरच्या आधी इंदूताईंकडे निरोप जाई. डॉक्टर आला तर येई, नाही तर नाही. इंदूताई मात्र हातातलं काम टाकून पदर खोचून निघत. माणसाला खाटेवरून भुईवर कधी घ्यायचं, तुळशीपत्र कधी ठेवायचं, गंगेचं पाणी कितपत पाजायचं, रडणाऱ्या सुनांना कुठल्या खोलीत बसवायचं, हे सगळं त्यांच्या हातात मुरलेलं होतं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ऐन पंचविशीत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. जिला आता गमावण्यासारखं काही उरलं नाही अशा बाईला लोक असल्या कामाला खुशाल बोलावतात. तसं त्यांना बोलावू लागले, आणि पुढे ते त्यांचंच काम होऊन बसलं.

त्यांची एक रीत फार कडक होती. जाणाऱ्याला नावाने हाक मारायची नाही. कुणी ‘आई, आई’ करून गळा काढला की इंदूताई त्याचा दंड धरून त्याला सरळ बाहेर नेऊन बसवत. ‘‘ती निघाली आहे, तिला मागे ओढू नकोस. नाव घ्यायचं तर देवाचं घे,’’ असं सांगत. स्वतःही जाणाऱ्याच्या कानाशी वाकून हळू आवाजात रामाचंच नाव घेत. काशीत मरण यावं म्हणून लोक कुठून कुठून येऊन पडतात आणि तुम्ही माणसाला उंबऱ्यावरून परत बोलावता, असा त्यांचा सवाल असे. रडण्याचंही तेच. इतक्या माणसांच्या उशाशी बसूनही इंदूताईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. काही सुना त्यांना पाठीमागे दगड म्हणत, आणि वेळ आली की त्याच दगडाला बोलवायला पळत.

घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वेणीमाधव, दोघंच. त्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कुणी रेटून केलं नाही म्हणून राहून गेलं, इतकंच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्याने उभा जन्म काढला. फुकटचा पास होता, पण कधी रामेश्वर झालं नाही की पुणं झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत रिटायर झाला, आणि मग साहेबांना प्रवासाची हौस आली. तीही कसली? शरीर घरी ठेवून.

मोबाईलवर कुणी दाढीवाला इंग्रजीमिश्रित हिंदीत हे शिकवत असे. ॲस्ट्रल ट्रॅव्हल म्हणजे सूक्ष्म देहाने बाहेर पडायचं. उशी न घेता भुईवर उताणं पडायचं, डोकं उत्तरेला, श्वास मंद; मग छतातून एक दोर लोंबतोय अशी कल्पना करून त्याला धरून वर चढायचं. महिनाभर वेणीमाधव नुसताच घोरला. मग एक दिवस तो जेवताना म्हणाला, ‘‘ताई, आज मी स्वतःला वरून पाहिलं. डोक्याला मागे केवढं टक्कल पडलंय, मला मालूमच नव्हतं.’’

‘‘त्यासाठी वर कशाला जायला हवं? मला विचारायचंस,’’ इंदूताई म्हणाल्या.

पण तो रंगला होता. यात धोकेही असतात, असं त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं. देहाला जोडणारी एक चंदेरी दोरी असते, ती तुटली तर संपलं. शिवाय शरीर रिकामं बघून दुसरं कुणी त्यात शिरू शकतं.

‘‘म्हणजे भाडेकरू,’’ इंदूताई म्हणाल्या. ‘‘मग मेलास तू. काशीत शिरलेला भाडेकरू निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.’’

‘‘मजाक नाही करत मी. मी आडवा असलो की अंगाला हात लावू नकोस. आणि काही गडबड वाटली तर नावाने हाक मार. हाक ऐकली की आपण खटकन परत येतो, असं ते सांगतात.’’

इंदूताईंनी ‘बरं’ म्हटलं आणि त्याच्या पानात भात वाढला. ऐकलं त्यांनी पूर्ण; पण ऐकलेलं आणि हातात मुरलेलं यांत फरक असतो, हे त्या वेळी दोघांनाही सुचलं नाही.

पुढे वेणीमाधव बिघडत गेला. अमक्या वेळी उठून सराव करायचा म्हणून रात्रीची झोप मोडायची, दिवसा तारवटलेल्या डोळ्यांनी फिरायचं. भाजी आणायला दुर्गाघाटाकडे गेला आणि आपण नक्की कुठे उभे आहोत ते कळेना म्हणून पिशवी घेऊन तसाच परत आला. हा हात आपला वाटत नाही, असं एकदा चहाचा कप धरून म्हणाला. इंदूताईंना हे लक्षण आवडलं नाही. पण म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याला एक नाद लागलाय, लागू दे, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

माघातली दुपार होती. ऊन गल्लीत उतरतच नव्हतं. इंदूताईंनी नळाच्या बर्फासारख्या पाण्यात भांडी घासली आणि हात पुसत त्या आत आल्या. वेणीमाधव गार फरशीवर पडला होता. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, तोंड उघडं, नाक खेचल्यासारखं. ओठांना निळसर छटा. आज दोर धरता यावा म्हणून त्याने सर्दीच्या गोळ्या जरा जास्तच घेतल्या होत्या. कुणीतरी तसं त्या व्हिडिओखाली लिहिलं होतं म्हणे. इंदूताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हाताची पालथी बाजू त्याच्या नाकाशी धरली. श्वास लागला नाही. घासलेल्या भांड्यांनी बधिर झालेल्या हाताला तो लागणारही नव्हता. पण आयुष्यभर त्या हाताने कधी चूक केली नव्हती, म्हणून इंदूताईंनी त्यावर विश्वास ठेवला.

भाऊ निघाला, असंच त्यांना वाटलं. हे मागाहून त्यांनीच सांगितलं. आणि तरी त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी त्याला हलवलं नाही. देवघरातून गंगेची लोटी आणली, कुंडीतलं तुळशीचं पान खुडलं, भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी वाकून रामाचं नाव घेतलं. पहिली पळी ओठांच्या कडेने वाहून गेली. दुसरी आत गेली.

तिसरी भरेपर्यंत वेणीमाधवने असा ठसका दिला की लोटी कलंडली. डोळे पांढरे, मान ताठ, आणि छातीतून गुळण्या केल्यासारखा आवाज. तेव्हा मात्र इंदूताई किंचाळल्या. शेजारची बकुळ आणि तिचा नवरा अनिमेष धावत आले. गल्लीत गाडी शिरत नाही. त्याला खाटेवर घालून गल्लीतल्या चौघांनी सडकेपर्यंत नेलं. वाटेत दुकानदारांनी खांद्यावरची खाट बघून सवयीने हात जोडले. वेणीमाधव खाटेवरून खोकत होता.

दवाखान्यात डॉक्टरने छातीचा फोटो काढला. फुफ्फुसात पाणी गेलं होतं. ‘‘पानी किसने पिलाया?’’ त्याने विचारलं.

‘‘मैंने,’’ इंदूताई म्हणाल्या.

न्युमोनिया झाला, ऑक्सिजन लागला, आणि बरेच दिवस तो जगेल की नाही हे डॉक्टर स्पष्ट सांगेना. इंदूताई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बकुळ डबा आणी आणि म्हणे, ‘‘आत्या, परेशान नका होऊ.’’

तो वाचला. नळी निघाली तेव्हा पहिलं धड वाक्य तो बहिणीशीच बोलला. ‘‘ताई, मी तिथेच होतो. फळीशी, डब्यांच्या वर. तू तुळस खुडलीस ते पाहिलं, लोटी आणलीस ते पाहिलं. मला खाली येता येत नव्हतं. वाटलं, आता ही हाक मारेल. तू मारलीच नाहीस.’’

‘‘जाणाऱ्याला हाक मारायची नसते रे,’’ इंदूताई म्हणाल्या.

‘‘मी जात कुठे होतो?’’

तो खरंच फळीवर होता, की गोळ्यांच्या गुंगीत अर्धवट ऐकत भुईवरच पडला होता, हे कोण सांगणार? अनिमेषने दुसरं मानलं, बकुळने पहिलं, आणि त्यावरून त्यांच्या घरी दोन दिवस धुसफूस चालली. इंदूताईंना दोन्ही सारखंच. कुठेही असला तरी तो हाकेची वाट बघत होता आणि त्यांनी ती मारली नव्हती.

घरी आल्यावर वेणीमाधवने तो नाद सोडला. मोबाईल देऊन टाकला. पण एक नवीनच चालू झालं. झोपायच्या आधी तो आपल्या खोलीला आतून कडी घालू लागला. दुपारी इंदूताई समोर असल्या तर डुलकी लागत असूनही डोळे ताणून बसे. मान कलली की दचकून जागा होई आणि पहिलं बहिणीच्या हाताकडे बघे. तो भांडत नसे. दोरी तुटणं, भाडेकरू शिरणं, असल्या धोक्यांची यादी सांगणाऱ्या त्या दाढीवाल्याने हा धोका काही सांगितला नव्हता. अख्ख्या गल्लीने जिच्या मांडीवर निश्चिंत डोळे मिटले, तिच्यासमोर तिचा सख्खा भाऊ डोळे मिटायला भीत होता. हे इंदूताईंना फार लागलं. गल्लीतल्या प्रभावतीकाकूंच्या घरून बोलावणं आलं तेव्हा, ‘‘माझ्या हाताचा भरवसा नाही आता,’’ एवढंच सांगून त्यांनी दार लावून घेतलं. निरोप आणणारा जिन्यात थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

होळीच्या आधीची गोष्ट. इंदूताई गच्चीत वाळवणाला बसल्या होत्या, माकडांसाठी काठी जवळ घेऊन. वेणीमाधव कठड्याच्या सावलीत भिंतीला टेकून पेपर वाचत होता. कढईतलं पीठ घोटून त्यांनी वर पाहिलं तर पेपर त्याच्या छातीवर पडलेला, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. छाती हलतेय की वाऱ्याने पेपर हलतोय, ते कळेना.

त्या उठल्या. हात आपोआप त्याच्या नाकाकडे गेला आणि मध्येच थांबला. हाताला पीठ लागलं होतं, तो थंड होता, आणि त्या हाताला आता काहीच विचारायचं नव्हतं. माणसाला परत बोलावायचं त्यांना माहीतच नव्हतं. त्या कामाला त्या कधी बसल्याच नव्हत्या.

‘‘वेणू!’’ त्या ओरडल्या. खाली शेजारच्या घरात बकुळला ऐकू गेलं. ‘‘ए वेणू! वेणू रे!’’

‘‘अगं काय आहे?’’ वेणीमाधवने डोळे किलकिले केले. ‘‘जरा डोळा लागला होता. सोने दे ना.’’

इंदूताई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. हुंदके देत, नाक ओढत, लहान पोरीसारख्या. पिठाचे हात तोंडाला लागू नयेत म्हणून त्यांनी ते बाजूला धरले होते. वेणीमाधव घाबरून बघत राहिला. बहिणीला रडताना त्यानेही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

‘‘आहे ना मी, ताई,’’ तो म्हणाला. मग जरा कुरकुरत, ‘‘मोठ्याने ओरडतेस हां तू.’’

त्याने पेपर तोंडावर ओढला, पाय लांब केले, आणि तिच्यासमोरच पुन्हा झोपला.