कासम खलाशाची बाग

कुवेतमधल्या हवल्लीत अबू सालेमच्या बंगल्यावर कासम होडेकर माळी होता, पण मालक त्याला 'नोखदा' म्हणत. नोखदा म्हणजे गलबताचा कप्तान. कासम कधीच कप्तान नव्हता. जयगडच्या खाडीतल्या एका गलबतावर तो साधा खलाशी होता. कौलं आणि लाकूड घेऊन तो दोनदा कुवेतला आला, आणि तिसऱ्या खेपेला उतरला तो परत चढलाच नाही. बंदरालगतच्या शर्क भागात अबू सालेमची वखार होती, तिथे त्याला राखणदाराची जागा मिळाली. वखारीच्या मागच्या बाजूला त्याने तुपाच्या रिकाम्या डब्यांत लाल माठ पेरला. मालकाने एक दिवस तो माठ पाहिला, आणि नवीन बंगला बांधून झाल्यावर सांगितलं, "नोखदा, तू इथे बसून कुलपं मोजू नकोस. माझ्या घरी बाग कर."

बाग कसली, चुना आणि वाळू. कासमने तीन वर्षं शेणखत घातलं, मचूळ पाण्याने खजुराची झाडं जगवली आणि टँकरचं गोडं पाणी भाजीसाठी राखून ठेवलं. फुलं मालकिणीची, खजूर मालकाचे, आणि उत्तरेच्या भिंतीलगतचे आठ वाफे कासमचे, अशी वाटणी कोणी न करता होऊन गेली.

एकोणीसशे चौसष्टच्या हिवाळ्यात मालक त्या वाफ्यांपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या दालनात, भाजी लेबनॉनची बरी की बसऱ्याची यावर वाद झाला होता, आणि मालक बोलून गेले होते की मी तुम्हाला माझ्या घरची खायला घालीन.

"मार्चअखेरीस मेजवानी आहे," ते म्हणाले. "काकडी, टोमॅटो, कूसा, सगळं इथलं हवं. एक मोठं तबक भरून. मग तुला काय हवं ते माग."

कूसा म्हणजे अरबांचा लांबट, हिरवा, लहान भोपळा. कासमने तो दोनदा लावला होता. पण त्याचं लक्ष शेवटच्या वाक्यावर होतं. त्याने तिथल्या तिथे मागितलं, "अरबाब, माझी बायको. तिला इथे आणायच्या कागदावर तुमची सही."

मालक हसले. बागेच्या कोपऱ्यात सिमेंटची एक खोली होती, तिच्यात खताच्या गोणी असत. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ती खोली रिकामी कर. तबक आलं की सही. एप्रिलच्या पाच तारखेला मी डोळ्यांसाठी लंडनला जाणार आहे, तिथून लेबनॉन. ऑक्टोबरपर्यंत नाही मी. त्याच्या आत काय ते."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांतलं सव्वा वर्ष कासम आणि शहरबानू एका घरात राहिले असतील. सासू होती तोवर तिला आधार होता. सासू गेल्या पावसाळ्यात वारली, आणि आता दिराने तिची चूल पडवीत वेगळी मांडून दिली होती. हे तिने कळवलं नव्हतं; गावाहून आलेल्या एका माणसाने सांगितलं. कासमने मालकाचा शब्द मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला पत्र लिहवलं. तिचं उत्तर आलं ते मजीदने वाचून दाखवलं. मजीद गुहागरचा, हवल्लीत शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचा. त्याच्या, नझीरच्या आणि कासमच्या मिळून एका खोलीत तीन खाटा होत्या.

"लिहितात की, पत्र्याची पेटी घ्यावी की गाठोडं चालेल? आणि तिकडे तांदूळ कसला मिळतो?" मजीदने कागद खाली केला. "कासमभाय, वहिनी पेटी भरायला बसल्या. तुमचा टोमॅटो कुठवर आलाय?"

"फूल धरलंय."

"मग लिहितो, पेटी घ्या. टोमॅटोला फूल आलंय."

"तसं नको लिहूस. तिला वाटेल मी खुळा झालोय."

"त्यात वाटायचं काय राहिलंय?" रोटीच्या भट्टीवर काम करणारा नझीर भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

रोपं कासमने डिसेंबरात त्याच सिमेंटच्या खोलीत डब्यांमध्ये केली होती. फेब्रुवारी लागताच ती वाफ्यात लावली. महिना सरत आला तसा कूशाला पिवळी फुलं आली, काकडीच्या वेलाने काठी धरली, टोमॅटोच्या गुच्छांत वाटाण्याएवढं फळ दिसू लागलं. दुपारी सदरा काढावा असं ऊन होतं. मालकिणीने लोकरी कपडे धुऊन पेटीत टाकले.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला उत्तरेचा वारा सुटला. वारा म्हटल्यावर कासम जागा होई. खलाशाचं सगळं आयुष्य वाऱ्याकडे कान लावून जातं, आणि हा वारा त्याने दारात पाऊल ठेवताच ओळखला. उत्तरेच्या बाजूला त्याने पत्रे उभे केले, गोणपाट शिवून आडोसा केला, वाफ्यांवर काठ्यांची कमान केली. तरी वरचा भाग उघडाच राहिला. संध्याकाळी तो खोलीवर आला आणि दोघांच्या खाटांकडे बघत उभा राहिला.

"बोला," मजीद म्हणाला.

"ब्लँकेटं हवीत. सूर्य उगवेपर्यंत."

"कोणाला?"

"काकडीला."

नझीर उठून बसला. "मी भट्टीपुढे दिवसभर भाजतो आणि रात्री काकडीसाठी गारठू?"

"वहिनींसाठी," मजीद म्हणाला, आणि आपलं ब्लँकेट ओढून कासमच्या अंगावर टाकलं. नझीरने शिव्या देतच आपलंही दिलं. दोन रात्री तिघेही कोट घालून, वर्तमानपत्रं पोटाशी घेऊन झोपले. वारा ब्लँकेटं उडवी म्हणून कासमने ती गलबताच्या गाठींनी काठ्यांना बांधली होती. दोन्ही सकाळी त्याने ती सोडली, तेव्हा खाली पानं हिरवीगार होती. तिसऱ्या दिवशी नझीरला खोकला झाला. छाती वाजू लागली.

त्या दिवशी दुपारनंतर वारा पडला. एकदम पडला. चार वाजता खजुराची झावळी हलेनाशी झाली, धूळ खाली बसली, आणि आकाश इतकं स्वच्छ झालं की कासमने निश्वास टाकला. त्याच्या हिशेबी संकट वाऱ्याचं होतं. वारा गेला, संकट गेलं. समुद्रावर त्याने वीस वर्षं हेच पाहिलं होतं: ज्या रात्री वारा पडतो त्या रात्री खलाशी पाय पसरून झोपतो.

गोडं पाणी घेऊन इराणी टँकरवाला आला. तो डोंगराळ मुलखातला, कासमपेक्षा वयाने मोठा. कासम गाठी सोडताना पाहून त्याने विचारलं, "काढतोस का?"

"वारा पडला."

"म्हातारीची थंडी अजून संपली नाही. आणखी चार दिवस." फेब्रुवारीच्या शेवटी येणाऱ्या थंडीला इथे म्हातारीची थंडी म्हणत. टँकरवाल्याने आकाशाकडे पाहिलं. "म्हातारी वाऱ्याबरोबर जात नाही."

कासमने मान हलवली, पण डोंगरातल्या माणसाला वाऱ्यातलं काय कळतं असं त्याला मनातून वाटलं. शिवाय नझीरचा खोकला त्याच्या कानात होता. त्याने टँकरच्या पाण्याने रोपांवरची धूळ हलक्या हाताने धुऊन काढली, ब्लँकेटं झटकली, खांद्यावर टाकली आणि खोलीवर नेऊन ज्याची त्याला दिली.

"काकडी काय म्हणते?" नझीरने विचारलं.

"सलाम सांगितलाय."

तिघेही गाढ झोपले.

फज्रची नमाज आटोपून कासम बंगल्यावर आला तेव्हा उजाडत होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. वाफ्यांवर पांढरं काहीतरी पसरलं होतं. त्याला वाटलं, मीठ फुटलं. मचूळ पाण्याने इथे जमिनीवर मीठ फुटतंच; पण ते पानांवर कसं चढेल? त्याने काकडीचं एक पान बोटात धरलं. पान कागदासारखं करकरलं. बोटाला लागलेलं पांढरं त्याने जिभेला लावलं. खारट नव्हतं. गोडं पाणी होतं, काल त्यानेच घातलेलं, आणि ते वितळून गेलं.

कोकणात वाढलेल्या माणसाने दव पाहिलेलं असतं, गोठलेलं दव नाही. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून पूर्वेच्या भिंतीवर ऊन दिसताच त्याला बरं वाटलं. ऊन लागेल, पांढरं जाईल, पानं मोकळी होतील. तरी तो हातावर हात ठेवून बसला नाही. एकेक पान ओंजळीत घेऊन त्याने त्यावर तोंडाची वाफ सोडली. पहिल्या वाफ्याच्या निम्म्यावर आला तोवर ऊन भिंत उतरून आलं. पांढरं खरंच गेलं. पानांना ओली चकाकी आली. मग ती हळूहळू गडद होऊ लागली, पातेल्यात उकडलेल्या पालेभाजीसारखी, आणि देठापासून वाकली. कूशाची फुलं मुठीत धरल्यासारखी मिटली. आठ वाजेपर्यंत टोमॅटोचे गुच्छ काळे पडले होते.

टँकरवाला दुसऱ्या घरी पाणी द्यायला जाताना फाटकाशी थांबला. त्याने वाफ्यांकडे पाहिलं. एवढंच सांगितलं, "मुळं बघ. कधी मुळं राहतात."

कासमने मुळं पाहिली. दोन टोमॅटो आणि एक कूसा बुंध्याशी हिरवे होते. त्याने त्यांना गोणपाट गुंडाळलं, नवीन बीही लावलं. पण काकडीला दोन महिने लागतात हे त्याला ठाऊक होतं, आणि मेजवानीला एक महिना होता. तो महिनाभर त्याने पाणी घातलं. मेजवानीच्या दिवशी वाफ्यात चार बोटं उंचीची रोपं होती, आणि जगलेल्या कूशाला अंगठ्याएवढं एक फळ होतं.

दुपारी मालकांचा ड्रायव्हर शर्कच्या बाजारातून तीन पेट्या घेऊन आला. बसऱ्याची काकडी, लेबनॉनचा टोमॅटो. स्वयंपाकघरात त्यांचं तबक सजलं. मालकांनी कासमला धुतलेली दिशदाशा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, घालायला सांगितली आणि म्हणाले, "तू घेऊन ये. लोकांना नोखदा बघायचाय."

कासम तबक घेऊन दिवाणियात गेला. वीस-बावीस माणसं तक्क्यांना टेकून बसली होती. "ही माझ्या भिंतीआतली," मालक म्हणाले. कोणीतरी काकडी मोडली, कोणी वास घेतला, कोणी म्हणालं की असा गोडवा बसऱ्याला नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्याने कासमकडे बघून विचारलं, "याला काय दिलंस?"

"जे मागेल ते," मालक म्हणाले. "माग रे."

वीस-बावीस चेहरे त्याच्याकडे वळले. कासमच्या हातात तबक होतं. एवढ्या लोकांसमोर मालक नाही म्हणणार नाहीत, हे त्याला कळत होतं. त्याने खाली बघत सांगितलं, "माझ्या बायकोचा कागद."

"दिला," मालक म्हणाले, आणि बैठकीत आनंदाचा गलका झाला.

खोलीवर मजीदने त्याला मिठी मारली. "बसऱ्याची तर बसऱ्याची. काकडीला कोण विचारतंय?"

पाच तारखेपर्यंत कासमने तीनदा कागद पुढे केला. तीनही वेळा मालक घाईत होते. पाच तारखेला सकाळी गाडी फाटकाशी लागली, तेव्हा कासम कागद घेऊन काचेपाशी उभा राहिला. मालकांनी काच खाली केली, कागद पाहिला, आणि न रागावता, अगदी प्रेमाने म्हणाले, "नोखदा, आपल्या दोघांना ठाऊक आहे ते तबक कुठलं होतं. लोकांसमोर तुझा मान राखला मी. शब्द बागेचा होता. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. हवं ते बी मागव."

कासमला सांगायचं होतं की पडवीत चूल मांडलेल्या बाईला पुढचं वर्ष कुठून आणायचं. तिची पेटी भरून तयार आहे. दीर पेटीकडे बघून विचारतो, कधी निघतेस. हे सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण त्याला येणारी अरबी बंदराची आणि बागेची होती. पाणी, दोर, खत, नळ, तबक, एवढीच. या वाक्याचे शब्द त्याने कधी शिकले नव्हते.

"जी, अरबाब," तो म्हणाला.

मालकांच्या पायघोळ झग्याचं टोक दाराच्या फटीत अडकलं होतं. कासमने दार उघडलं, वस्त्र आत सारलं, आणि दार नीट लावून घेतलं. गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली. आत मालकीण हाक मारत होती, फुलझाडांना पाणी राहिलंय म्हणून.