तारबची शेवटची कॅसेट

कुमुदिनीबाईंचे वडील, अप्पा, झांझिबारच्या बंदरात कारकून होते आणि संध्याकाळी तिथल्या तारब गाण्यांच्या मंडळात व्हायोलिन वाजवत. शब्द स्वाहिली, वळणं अरबी, मध्येच आपल्याकडच्या सिनेमाची एखादी चाल. लग्नघरात गाणं रंगलं, की एखादी बाई नोट उंचावून डोलत गायिकेकडे निघायची. कुठल्या ओळीला उठली, वाटेत कुणापुढे थबकली, यावरून टोमणा कुणाला ते सगळ्यांना कळायचं.

चौसष्टच्या क्रांतीत घर सुटलं; तान्ह्या भावाला तेवढं उचलून सगळे निघाले. पुढे दार-एस-सलाममध्ये अप्पांनी वाजवलेलं एकच गाणं कॅसेटवर उरलं. नवरा गेल्यावर बाई मुलाकडे, टोकियोतल्या फुनाबोरीला आल्या. आता त्यांना चाल आठवे, शब्द नाहीत. कोबेच्या विद्यापीठात अशा गाण्यांचा अभ्यास करणारी मैत्रेयी शनिवारी येऊन कॅसेट उतरवून घेणार होती.

२०११च्या भूकंपापासून दाराशी एक पिशवी तयार असे: पाणी, बिस्किटं, टॉर्च. बाईंनी कॅसेट त्यातच ठेवली होती.

दर मार्चमध्ये सून सरिता त्यातलं मुदत संपलेलं काढायची. एकदा चुकीचा कचरा मिसळला म्हणून गाडीवाल्यांनी त्यांची कचऱ्याची पिशवी लाल चिठ्ठी लावून तिथेच सोडली होती, सगळ्या इमारतीला दिसेल अशी. तेव्हापासून ती बाटलीचं लेबलही सोलून टाके.

शुक्रवारी बाईंनी पिशवी उपसली.

"सरिता, यात कॅसेट होती."

"ती? टाकली, आई. नीट वेगळी केली हं. स्क्रू काढले, डबी बुधवारी प्लॅस्टिकमध्ये, फीत आज जळाऊ कचऱ्यात."

"आज?"

"आठलाच गाडी गेली. का, काय होतं त्यात?"

"अप्पा."

संध्याकाळी मुलगा हरीश वैतागला. "अगं आई, भूकंपाच्या पिशवीत कॅसेट कुणी ठेवतं का?"

"पळताना जे न्यायचं ते ठेव, असं तूच म्हणालास."

शनिवारी मैत्रेयीने रेकॉर्डर सुरू केला. "काकू, आठवेल तेवढं गा."

बाई गुणगुणू लागल्या. मग एका वळणावर उठल्या, पर्समधून हजार येनची नोट काढली, उंच धरली आणि डोलत जाऊन सरितापुढे थबकल्या. ती ओळ इथेच होती. ओठ उघडले. शब्द आला नाही.

मैत्रेयीने मान खाली घातली.

"दूध ना, आई?" सरिताने नोट घेतली. "आणते कोंबिनी दुकानातून." ती बूट घालायला वाकली.

बाईंचा हात अजून वरच होता.