ऊन असलेलं पुस्तक

थंडी पडली की आष्ट्याच्या आमच्या वाचनालयात कानांवरून मफलर गुंडाळलेले एक निवृत्त फौजी येतात. लेखक कोण, पुस्तक कुठलं, कशाशी देणंघेणं नाही. टेबलावर टिचक्या मारत, गरम भजी मागावीत तसं म्हणतात, "म्याडम, ऊन असलेलं द्या कायतरी. बर्फाचं नगं." मला आधी रागच यायचा. ते मात्र दारातल्या उन्हात खुर्ची टाकून, ऊन सरकेल तशी ती सरकवत निवांत वाचत बसतात.

परवा मुखपृष्ठावर आमराई बघून मी त्यांना एक कादंबरी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघड्या कानांनी आले. पुस्तक त्यांच्याच मफलरमध्ये गुंडाळलेलं होतं. मी मफलर सोडायला लागले, तर त्यांनी वर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. शेवटाला एक पोरगं बर्फात पडलंय. थंडी जाईपर्यंत सोडू नगा."