आधी हात

पोपायान शहरातल्या एका पेन्शन कचेरीची वेबसाइट अंधांना, म्हाताऱ्यांना वापरता येते का, हे जन्मांध नेलिदा संगणकाचा आवाज ऐकून तपासायची. तो आवाज वाचून दाखवायचा ती फोटोंची वर्णनं बावदिलिओ लिहायचा. आधी हात सांगायचा. म्हणायचा, "चेहरा काय, कुणीही सांगेल."

मार्चमध्ये त्याला पुरलं. वर्णनं रिकामी राहू लागली. नेलिदा साहेबांवर डाफरायची, "नुसते फोटो काय आम्ही चाटायचे?"

आज साहेबांनी सकाळीच काढलेला तिचा फोटो चढवला. तिने तो ऐकला आणि विचारलं, "हे वर्णन कुणी लिहिलं?"

"कुणी नाही, नेलिदाबाई. रिकामंच आहे ते."

तिने पुन्हा ऐकलं. संगणक वाचत होता, "नेलिदाचे हात. डाव्यात कॉफी, निवलेली. उजवा टेबलावर. खांद्यावर माझा."