आईच्या शालूची बाही

काष्टी गावात माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शाळेच्या शर्टांचे बिल्ले, क्रिकेटवाल्या पोरांच्या टोप्या, नवरीच्या ब्लाउजवर पाठीमागं नवरा-नवरीची नावं, असलं सगळं करते. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. शेजारीण तर तोंडावर म्हणते, "तुझं बरं हाय बाई, मशीन राबतंय आन् तू च्या पितीस." तिला एकदा माझ्या जागी बसवायला हवं.

गेल्या लग्नसराईत गावातलीच एक मुलगी आली. लग्न आठवड्यावर. आई जाऊन दोन वर्षं झालेली. आईच्या लग्नातल्या शालूचा ब्लाउजपीस कधी शिवलाच नव्हता, शालूलाच जोडून राहिला होता. तो कापून तिनं आणला होता. कापड नेमकं एका ब्लाउजपुरतं, आणि बाह्यांवर तिला आईच्या हातावरचं गोंदण हवं होतं. मोबाईलमध्ये आई भाकरी थापतानाचा फोटो होता. मनगटाच्या वर तुळस आणि भोवती ठिपके.

"काकू, आईच्या लग्नातला शालूच तेवढा ऱ्हायलाय. जपून करा."

सुती कापडात सुईचं भोक बुजतं, रेशमात ते जन्मभर राहतं.

दोन दिवस पंचिंग करत बसले. पंचिंग म्हणजे चित्रावरून कॉम्प्युटरला टाका न् टाका समजावून सांगणं, कुठून निघायचं, कुठं थांबायचं. आपोआप करायला सांगितलं तर सॉफ्टवेअरनं तुळशीचा कोबी केला. मग एकेक पान मी हातानं बसवलं, टाके विरळ ठेवले. नव्या रेशमाच्या तुकड्यावर नमुना काढून बघितला, झकास आला. इथंच माझं चुकलं. आईच्याच कापडाचा एक कोपरा आधी तपासायला हवा होता, पण तेवढाही वाया घालवायचं जिवावर आलं.

आपल्याकडच्या बायका रेशमी साड्यांच्या घड्या वर्षातून एक-दोनदा बदलून ठेवतात. त्याच घडीवर साडी पडून राहिली की तिथं रेशीम विरतं. हे मला लहानपणापासून माहीत. कापडावर घडीची रेघ मला दिसलीही होती. इस्त्री फिरवली, रेघ गेली, आणि मी बिनघोर झाले. सकाळी मशीनच्या गोल रिंगमध्ये कापड ताणून बसवलं.

तुळस छान उमटली. ठिपके सुरू झाले आणि मशीनचा आवाज जरासा बदलला. मी झटकन थांबवलं. घडीच्या जागेवर कापड चार बोटं फाटलं होतं.

का कोण जाणे, आधी उठून दार लोटून घेतलं. खालून इस्त्रीनं चिकटणारं फ्युजिंगचं कापड लावून वरून ठिपके भरले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. फ्युजिंग हातात घेतलंही. पण मांडवात ती हार घालायला हात वर करणार आणि चारचौघांत बाही टरकणार, हे डोळ्यांपुढून हलेना. फ्युजिंग खाली ठेवलं आणि मुलीला फोन लावला.

ती आत्याला घेऊन आली. आत्या म्हणजे तोंडाची तोफ, सगळ्या गावाला ठाऊक. मी रिंग तशीच पुढं केली. म्हटलं, आतून पट्टी लावून देते, बाही टिकेल, पण फाट दिसणार.

मुलीनं रिंग जवळ ओढली. फाटीवरून बोट फिरवलं.

"काकू, घडीवरच फाटलंय ना हे? आत्या लई येळा म्हणली, घडी बदल म्हणून. मीच दोन वर्षं शालू उघडला न्हाई. उघडला की आईचा वास जाईल, असं वाटायचं."

सकाळपासून मी देवाकडं सुटका मागत होते. आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मी सकाळपेक्षा जास्त घाबरले. ही पोरगी हे ओझं घेऊन बोहल्यावर चढणार होती.

"न्हाई गं," मी म्हणाले, "घडीचा काय संबंध? रिंग मीच लई आवळली. माझ्या हातानं फाटलं."

आत्याची तोफ सुटली. "येत न्हाई तर घ्यायचं कशाला? मेलेल्या मानसाची वस्तू हाय ती, काय टोपी हाय व्हय?" मी मान खाली घालून ऐकत राहिले. मुलगी मात्र माझ्याकडं टक लावून बघत होती. मला धड खोटं बोलता येत नाही. तिला कळेल, या धास्तीनं मी रिंगचा स्क्रू उगाच फिरवत बसले.

"जपून करा म्हणलं हुतं ना मी तुमाला," ती शेवटी ओरडली, आणि माझ्यावरच्या रागानं मोठ्यानं रडायला लागली.