गोदावरीबाईंच्या मापाचा ओटा

अकोल्याच्या जुन्या शहरात त्या दोन बिऱ्हाडांमधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळं शेजारचं भांडण साधनाबाईंना कान न देताच ऐकू यायचं. ऐकायचं नसेल तर आपली भांडी आपटावी लागत.

त्या दिवशीचं भांडण पायव्याचं होतं. शेजारचे खुशालराव कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. निवृत्तीचा पैसा हाती आला होता. अमरावतीला नोकरीत असलेल्या मुलाच्या, गोपालच्या सहीनं बँकेचं कर्जही मिळालं, आणि बापानं गावाबाहेरच्या ले-आउटात प्लॉट घेतला.

"कायी माती सारी उपसा. मुरूम लागेपर्यंत खोल जा, मंगच पायवा भरा," गोदावरीबाई नवऱ्याला सांगत होत्या. मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याची लेक ती.

"जमिनीत पैसा गाडू काय? तेवढ्यात वर दोन खोल्या निघतात. त्यायच्या भाड्यात बँकेचा हप्ता फिटते, अन् खाली आपण राजावानी राहू."

"ते माती उन्हाया लागला का तोंड वासते. मंग सांगा तिले, भाडं येऊन राहिलं, तोंड मीट म्हणून."

"तुले बँकेतलं काय समजते?"

"मले मातीतलं समजते!"

जिंकले खुशालरावच. गोदावरीबाईंनी एवढंच म्हटलं, "मंग ओटा तरी माह्या मापाचा करा. जलमभर लोकायच्या ओट्यावर टाचा उंच करून पोया लाटल्या." बाई ठेंगण्या. मिस्त्रीनं त्यांना विटांच्या ढिगाशी उभं करून कमरेपर्यंतच्या उंचीचं माप घेतलं. साधनाबाईंना हे सांगतानाही त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या.

पहिल्याच उन्हाळ्यात मातीनं तोंड वासलं आणि घराच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. वरचे भाडेकरू घाबरून घर सोडून गेले. पायव्यात वाचवलेला पैसा दुरुस्तीत गेला, वर आणखी लागला. हप्ता काही भेग बघून थांबत नाही. मग खुशालरावांनी स्वतःसाठी ठेवलेला खालचा भागही भाड्यानं दिला आणि दोघं जुन्याच बिऱ्हाडात राहिले. "एका सालापुरतं," ते म्हणाले. ते साल काही संपेना.

"आमी घरमालक झालो ना बाई," गोदावरीबाई हसून सांगायच्या, "म्हणून भाड्याच्या घरात राहून राहिलो."

कुणा जुन्या मिस्त्रीनं सल्ला दिला, उन्हाळाभर घराभोवतीची माती ओली ठेवा, आकसणार नाही. तेव्हापासून ऊन उतरलं की खुशालराव सायकलवर नळी टाकून निघत, मोर्णा नदीचा पूल ओलांडून घराला पाणी द्यायला.

"संत्र्याचा बगीचा हाय काय तो?" गोदावरीबाई दारातून विचारायच्या. "फय लागलं का आणा घरी!"

भाडेकरणी मात्र ओट्यापायी कुरकुरायच्या. गीतांजली नावाची उंचापुरी पोर तर म्हणाली, "काका, कंबर मोडते हो माझी. ओटा उंच करून द्या ना." खुशालराव नळ दुरुस्त करत, दाराला बिजागरी लावून देत, पण ओट्याचं नाव काढलं की म्हणत, "भाडं कमी दे बेटा. ओटा राहू दे." हप्त्याला पैसा पुरत नसताना भाडं कमी करणारा घरमालक साधनाबाईंनी दुसरा पाहिला नाही.

कर्ज फिटत आलं. या दिवाळीला नक्की तिकडं राहायला जाऊ, असं ठरलंही. पण चैत्रात गोदावरीबाईंना ताप भरला आणि तो उतरलाच नाही. शेवटच्या संध्याकाळी खुशालराव ओल्या चपलांनी आत आले.

"यंदा भेग नाही ना?" गोदावरीबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"नाही. ओट्यापाशी तर बिलकूल नाही."

"मंग बरं," त्या म्हणाल्या.

तेरवी झाल्यावर गोपालनं घराला गिऱ्हाईक आणलं. तो माणूस घराच्या आतही गेला नाही. प्लॉट चांगला आहे, घर पाडू, पाया खोल घेऊ, म्हणाला. रजिस्ट्रीचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी ऊन उतरलं तसे खुशालराव नळी घेऊन निघाले. साधनाबाईंनी दारात अडवलं. "भाऊजी, ते तर पाडून राहिले घर. आता काहून पाणी?"

"उन्हाया हाय ना," ते म्हणाले.

साधनाबाईंना राहवेना. त्या ऑटो करून मागोमाग गेल्या. इतकी वर्षं नुसतं ऐकलेलं घर, भाडेकरू गेल्यानं रिकामं. स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पोळी लाटायला राहतात तशा. त्यांना चांगलंच वाकावं लागलं. तिथं गोदावरीबाईच सरळ उभ्या राहिल्या असत्या.

बाहेर नळीचं पाणी भिंतीकडेनं सरकत होतं. ओट्याच्या खिडकीखाली ते जरा जास्त वेळ थांबलं, मग पुढं गेलं. एक फेरी पुरी करून खुशालरावांनी नळ बंद केला, नळी झटकली, वेटोळं केलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं.