वरचं आणि खालचं

आमच्या गिरीज गावात कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की पहिला निरोप थेरेसामावशीला जायचा, दुसरा फादरना. डॉक्टरांचं काम तोवर संपलेलं असायचं. मावशी हातातलं काम टाकून यायची, उशाशी बसायची आणि रोझरी सुरू करायची. आवाज असा खणखणीत की दोन वाड्या पलीकडची म्हातारी घरबसल्या उत्तर द्यायची. मरणाऱ्याला धीर यायचा की नाही ते तोच जाणे, जमलेल्यांना मात्र यायचा.

मी मर्विन, तिचा शेजारी. तिच्या आणि माझ्या वाडीमध्ये एक कुंपण आणि दोन शेवगे आहेत. त्यामुळे तिच्याबद्दल गावापेक्षा मला चार गोष्टी जास्त माहीत आहेत, असा माझा समज होता. समजच तो.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. रोझरी, म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, एकाने सुरू करायची आणि बाकीच्यांनी पुरी करायची असते. प्रत्येक प्रार्थनेचे दोन तुकडे. पुढे बसलेला पहिला म्हणतो, जमलेले दुसरा. आमच्या आळीत त्यांना 'वरचं' आणि 'खालचं' म्हणतात. मे महिन्यात रोज संध्याकाळी लोक आळीतल्या क्रुसाजवळ रोझरीला जमले की पूर्वी पहिला प्रश्न हाच असायचा, "आज वरचं कोण बोलतंय?" पण सतरा वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वरचं थेरेसामावशीचं. बाकी सगळे खाली.

त्याआधी ती अशी नव्हती. मागे सतरंजीच्या टोकाला बसायची, मांडीवर लुसी, आणि अर्धं लक्ष नंतर वाटायच्या उकडलेल्या चण्यांच्या टोपाकडे. लुसी तिला लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. एकुलती एक. गावातल्या बायका म्हणायच्या, थेरेसा पोरीला जमिनीवर पाय टेकू देत नाही. खरंच देत नव्हती.

लुसी अकरा वर्षांची असताना गेली. मावशीचा धाकटा दीर सायमन, त्याच्या विहिरीला पाणी भरपूर. तिकडे नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगांना थेंब नाही, म्हणून दिवसाला पाच-सहा टँकर त्याच्याकडे भरायला यायचे. आमची गल्ली एवढीशी. टँकर उलटाच आत घ्यावा लागायचा. सायमन मागे उभा राहून हात हलवायचा आणि ओरडायचा, "आने दे, आने दे." नाताळला आठ दिवस होते. लुसीने घरात गोठा मांडायला घेतला होता आणि बाळ येशूखाली घालायला पेंढा हवा होता. पेंढा सायमनच्या पडवीत. ती ओंजळभर घेऊन निघाली, थोडा गल्लीत सांडला, तो वेचायला वाकली. सायमनच्या एका कानाला मोबाइल होता आणि तोंड भलतीकडे. हात मात्र हलत होता. "आने दे, आने दे."

मावशीने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ती ओरडली. टँकरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या दिवसानंतर सायमनने एकही टँकर भरला नाही. विहिरीवरचा पंप काढून टाकला. सातव्या दिवसाची मिस्सा, देवळातली प्रार्थना, झाली तेव्हा तो भावाच्या दारात येऊन उभा राहिला, हात बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मावशीने दार लावून घेतलं. तो तासभर उन्हात उभा होता. मी कुंपणाआडून पाहत होतो आणि मध्ये पडायची माझी हिंमत झाली नाही, हे कबूल करतो. तिचा नवरा सेबॅस्टियन वर्षभराने भावाशी बोलू लागला. "तो काय मुद्दाम करंल?" एवढंच तो म्हणायचा. मावशी उठून आत जायची. सहा वर्षांपूर्वी सेबॅस्टियन गेला, त्याच्या शवपेटीला सायमनने खांदा दिला, आणि मावशी पूर्ण वाट दुसऱ्या बाजूने चालली.

लुसी गेल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात ती क्रुसाजवळ पुढे येऊन बसली आणि म्हणाली, "वरचं मी बोलते." आम्हाला भरून आलं. काय ती श्रद्धा, म्हणाले लोक. एवढं दुःख पचवून बाई देवाच्या पुढ्यात बसली! फादरांनी प्रवचनात तिचं नाव न घेता दाखला दिला आणि सगळ्या देवळाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. आपल्यातलं कुणीतरी संत झालेलं आपल्याला हवंच असतं. मग आपल्याला व्हावं लागत नाही.

एकदाच घोळ झाला. मेलिसा नावाची सून गावात नवी आली होती, गळा गोड. फादर म्हणाले, आज वरचं मेलिसा बोलू दे, नव्यांनाही सवय व्हावी. मावशी ताडकन उठली. "मला बरं नाय वाटत, प्रेशर वाढलंय," म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी हजर, आणि पोरीच्या आधी तोंड उघडून मोकळी. आम्ही हसलो. म्हाताऱ्या बायकांना मान सोडवत नाही, म्हणालो. मेलिसा बिचारी पुन्हा कधी पुढे आली नाही. मीही त्या हसण्यात होतो. आता त्याची लाज वाटते.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर सायमनच्या दोन्ही किडन्या गेल्या. ऑक्टोबरात त्याला घरी आणलं. दुपारची वेळ होती, मावशी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती आणि मी कुंपणापाशी होतो. सायमनची बायको प्रिस्का आली आणि अंगणाच्या कडेलाच थांबली. सतरा वर्षांत ती त्या अंगणात आली नव्हती.

"वैनी, डॉक्टर बोलले, आता घरीच ठेवा," ती म्हणाली. "ते तुमचं नाव घेतात. रोझरीला या."

मावशीने हातातली जुडी पुरी बांधली. आणखी एक बांधली. मग म्हणाली, "येते."

नाही कसं म्हणणार होती? गावातल्या प्रत्येक मरणाऱ्याकडे गेलेली बाई सख्ख्या दिराकडे गेली नसती तर कारण सांगावं लागलं असतं.

सायमनच्या खोलीत आम्ही बारा-तेरा माणसं होतो. तो सुजला होता आणि पिवळा पडला होता. मावशी खाटेपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसली. क्रुसाची खूण केली आणि सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." सायमनने हात वर केला. तोच हात. ती थांबली.

"वैनी," तो म्हणाला. दोन शब्दांमध्ये त्याला दम खावा लागत होता. "आज वरचं मी बोलतो. खालचं तुम्ही बोला. तुम्ही एकट्याच."

आम्हाला वाटलं, आजाऱ्याचं मागणं, चालायचंच. तो बोलू लागला. तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो. प्रत्येक ओळीला श्वास. "जसे स्वर्गात, तसे पृथ्वीवर," म्हणाला आणि तिच्याकडे बघत गप्प झाला.

"आमची रोजची भाकर आज आम्हाला दे," मावशी म्हणाली.

आणि पुढे काहीच आलं नाही.

पुढची ओळ मला पाठ होती. तिथे जमलेल्या प्रत्येकाला पाठ होती. 'जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आमच्या अपराधांची क्षमा कर.' तेव्हा, त्या क्षणी, माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही ओळ खालच्या भागात येते. वरचं म्हणणाऱ्याला ती म्हणावीच लागत नाही. सतरा वर्षं ही बाई देवाला फसवायला नव्हे, ती एक ओळ टाळायला पुढे बसत होती. आम्ही तिच्या भक्तीचे गोडवे गात होतो आणि ती त्या भक्तीच्या आडोशाला दडून बसली होती. हे एकाच माणसाने ओळखलं होतं. सायमन दर मे महिन्यात सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहायचा आणि तिच्या तोंडून ती ओळ कधी येते याची वाट बघायचा.

पंखा फिरत होता. प्रिस्काने तोंडावर पदर घेतला. मावशी उठली, माळ मुठीत गोळा केली.

"मी गॅसवर दूध ठेवून आलेय," ती म्हणाली. "उतू जाईल."

ती गेली. सायमन थोडा वेळ दाराकडे बघत राहिला. मग आम्हाला म्हणाला, "तुम्ही बोला." आम्ही ती रोझरी कशीबशी उरकली. माझा राग अनावर झाला होता. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की अशा बाईने गळ्यातला क्रूस काढून ठेवावा. बायको म्हणाली, "तुमचं आणि पापडीच्या ऑस्टिनचं काय चाललंय आठ वर्षं?" ऑस्टिन माझा मेहुणा, आमचं बोलणं बंद. मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीला सायमनच्या फाटकापर्यंत जाताना पाहिलं. हातात वेलची केळ्यांची फणी होती. फाटकाच्या कडीला हात लावून ती उभी राहिली आणि परत फिरली. फणी माझ्या ओट्यावर ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा निघाली, या वेळी हातात काही नव्हतं. ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा देवळाची घंटा वाजायला लागली, एकेक टोल, मध्ये लांब थांबत. मयताची घंटा. मावशीने वर पाहिलं नाही. ती तशीच चालत राहिली आणि फाटक उघडून आत गेली.

दुपारी सायमनला पेटीत घालून हॉलमध्ये ठेवलं होतं. सगळं गाव दाटीवाटीने बसलेलं. पेटीच्या डोक्याशी एक खुर्ची रिकामी होती, मावशीसाठी. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती तिचीच होती. मावशी खुर्चीपाशी गेली आणि मेलिसाचा दंड धरून तिला तिथे बसवलं.

"वरचं तू बोल."

"मावशी, मी कशी?"

"बोल म्हटलं ना."

आणि ती खाली, सायमनच्या पायांशी, बायकांमध्ये चटईवर बसली. मेलिसाने सुरू केलं. मी मात्र फक्त मावशीचे ओठ बघत होतो. रोझरीची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि प्रत्येकाच्या आरंभी ती प्रार्थना. पहिल्या दशकाला ते हललेच नाहीत. दुसऱ्याला भाकरीपर्यंत आले. तिसऱ्याला ती रडली, आणि तिचं रडणं मी लुसीच्या मयतालाही पाहिलं नव्हतं. चौथ्यालाही जमलं नाही. पाचव्याला, आमची सगळ्यांची ओळ म्हणून झाल्यावर, तिचा आवाज एकटा मागून आला. खणखणीत नव्हता. दळण संपल्यावर जातं फिरतं तसा होता. तिने ती ओळ शेवटपर्यंत म्हटली.

मग ती उठली. पेटीला धरून वाकली आणि सायमनच्या कानाशी तोंड नेऊन तीच ओळ पुन्हा म्हणाली, सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावी तशी.

प्रिस्काने तिचा खांदा धरला. "वैनी, आता नाय ऐकू जात त्यांना."

"मला जातंय," मावशी म्हणाली.

हे वाचून कुणी म्हणेल, चला, शेवट गोड झाला. नाही झाला. मावशीला झोप नीट लागत नाही, वजन उतरलंय. मरणाऱ्यांकडे ती अजून जाते, पण उशाशी बसत नाही. जानेवारीत एकदा जुड्या बांधता बांधता ती स्वतःहून बोलली. मिस्सेत ती प्रार्थना सगळेच एकदम म्हणतात, तिथं तर काहीच अडचण नव्हती, म्हणाली, पाचशे तोंडांत एक मिटलेलं कुणाला दिसतं? क्रुसाजवळ वीस माणसं, तिथं दिसलं असतं. "लुसीचं काहीच उरलं नव्हतं माझ्याकडं, मर्विन. तो राग तेवढा उरला होता. तो सोडला तर ती पुरती जाईल असं वाटायचं."

मी विचारलं, "मग आता गेली?"

"नाय गेली," ती म्हणाली. "उलट आता तिचा चेहरा दिसतो. आधी फक्त टँकर दिसायचा."

तिने दोन-चार पिवळी पानं खुडून टाकली. मग म्हणाली, "त्या दिवशी दूध नव्हतं रे गॅसवर. आमच्या घरात दूध एकदाच, सकाळी तापवतात. सासूची पद्धत. सायमन त्याच घरात वाढला. त्याला माहीत होतं."

तिने हातातली मेथी खाली ठेवली.

"माझ्या तोंडून त्याने शेवटचं ऐकलं ते खोटं," ती म्हणाली. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी पापडीला गेलो, ऑस्टिनकडे. काय झालं ते इथे सांगत नाही. गेलो, एवढंच.

यंदा मे महिन्यात क्रुसाजवळ वरचं मेलिसा बोलली, महिनाभर. मावशी सतरंजीच्या टोकाला, चण्यांच्या टोपाजवळ बसायची. त्या ओळीला ती दर वेळी मागे पडते. आमचं म्हणून संपतं आणि मग तिचं एकटीचं येतं, अडखळत, पण पूर्ण. पोरं पहिले दोन दिवस हसली, मग हसायची थांबली. मेलिसा तिच्यासाठी थांबते आणि मगच पुढचं सुरू करते.